जाळीची एकोणपन्नास टोकं

कोचकोर, वरचं गाव
१९ जानेवारी १९९५

ती. एजे यांस,
भावजय बेगाइमचा सा. न. वि. वि.

बाळाचे पाय बाहेर काढून पाहिले तर थंडच होते. हाताने चोळले, पुन्हा टोपीत सरकवले, टोपी जाळीच्या टोकाला अडकवली आणि तशीच लिहायला बसले. हाताला मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा वास आहे. कागदालाही लागला असेल, माफ करा.

तुम्हाला कुणी कळवलं की नाही कोण जाणे. तुम्ही आत्या झालात. मुलगा आहे. बारा तारखेला झाला, सात आठवडे आधीच. सतराशे ग्रॅम भरला. खालच्या प्रसूतिगृहात कोळसा संपला होता आणि खिडकीला आतून बर्फ धरलं होतं. सुईणबाई म्हणाल्या, इथं ठेवलात तर टिकायचा नाही, घरी निदान चूल असेल, घरी न्या. शहरात नेऊ का विचारलं तर म्हणाल्या, थंड गाडीत पाच तास, त्यापेक्षा घर बरं. तुमचे भाऊ खिंडीपलीकडे मेंढरांपाशी आहेत आणि खिंड बंद आहे. आपण बाप झालो हे त्यांना अजून माहीत नाही.

घरात पाऊल टाकल्याबरोबर सासूबाईंनी, अपांनी, कोल्ह्याच्या कातड्याची मोठी टोपी खुंटीवरून काढली, उलटी केली, आत लोकर पसरली, बाळाला चरबी चोळली आणि टोपीत ठेवलं. आपली रीत मी तुम्हाला काय सांगणार. जितके दिवस आधी आला तितके दिवस टोपीत, आणि रोज सकाळी टोपी जाळीच्या पुढच्या टोकावर. याची एकोणपन्नास टोकं.

पण आपल्या घराच्या भिंती विटांच्या. खिळ्यावर टोपी चालत नाही, तंबूघराच्या भिंतीची लाकडाची जाळीच हवी, असं अपा म्हणाल्या. लोकरीच्या नमद्याचं मोठं घर सुटं करून माळ्यावर टाकलंय, ते उभारायला चार गडी लागतात. मग आपल्या घरच्या कारागिरांनी शहरातल्या प्रदर्शनासाठी केलेलं छोटं घर गोठ्याच्या आडोशाला उभं केलं. त्यात सगळं निम्मं आहे. उंची निम्मी, घेर निम्मा, छताच्या काड्या निम्म्या. मला वाकून आत जावं लागतं. अपा म्हणाल्या, लहान जीव, लहान घर, लहान चूल, लगेच ऊब धरेल.

ऊब लगेच धरते, खोटं कशाला बोलू. पण जातेही लगेच. दर तीन तासांनी मी चमच्याने दूध पाजायला येते आणि दर वेळी पाय थंड. काल वजन केलं, सोळाशे दहा.

अपांना मी काय सांगणार. त्यांनी सहा मुलं वाढवली, मी चौदा महिन्यांची सून. तुम्ही शहरात लहान-लहान कणांचा अभ्यास करता असं लग्नात कुणी तरी सांगितलं होतं. लहान गोष्टी गार का पडतात, ते कळवाल का. आणि मी लिहिल्याचं अपांना कळू देऊ नका.

थंडीत दोन शब्दांचीही ऊब होते, तेवढी पाठवा.

आपली,
बेगाइम


बिश्केक
२१ जानेवारी

चि. बेगाइम हिस,
बुरुलचे अ. उ. आ.

पत्र काल मिळालं. पाकीट उघडल्यावर चरबीचा वास आला आणि क्षणभर मी घरी होते, तेव्हा माफी मागू नकोस. आत्या झाल्याची बातमी मला पहिली तूच दिलीस. माझ्या वडिलांना तू कागदावरसुद्धा घरचे कारागीर म्हणतेस. कागदाला कान नसतात, सुनेने सासऱ्याचं नाव लिहिलं तर तो कुणाला सांगायला जात नाही. पण तू लिहिणार नाहीस, ठाऊक आहे.

आता तुझा प्रश्न. तू बोर्सोक तळतेस. कढईतून काढलेले ते लहान तुकडे चहा ओतेपर्यंत गार होतात. त्याच पिठाची मोठी रोटी तंदुरातून त्याच वेळी काढलेली असली, तर अर्ध्या तासाने मोडली तरी आतून वाफ येते. ऊब पोटात साठते आणि कातडीतून जाते. एखादी वस्तू लांबी, रुंदी, उंची सगळीकडून निम्मी केली की तिची कातडी पाव उरते, पण पोट आठवा हिस्साच उरतं. ऊब ठेवायची जागा फार घटते, जायची वाट तेवढी घटत नाही. ते घर लवकर तापतं ते ज्या कारणाने, त्याच कारणाने लवकर गार होतं.

मूल तुझ्यापेक्षा तीसपट हलकं असेल. त्याची कातडी मात्र तुझ्या कातडीचा दहावा हिस्सा भरेल. म्हणजे अंगातल्या दर ग्रॅममागे त्याला तुझ्या तिप्पट कातडी आहे.

आमच्याकडे बरणीत लोखंडाची एक पूड आहे. झाकण उघडून हवेत सांडली तर ती आपोआप पेटते. त्याच लोखंडाचा खिळा आपल्या गोठ्याच्या दारात माझ्या जन्माआधीपासून आहे. पदार्थ एकच. लहानपणाने त्याचा स्वभाव बदलतो. हे मी बारा वर्षं शिकते आहे आणि अजून त्याचं नवल वाटतं. पण तुझ्या पत्रानंतर ते नवल मला नकोसं झालं.

बसच्या ड्रायव्हरबरोबर थर्मामीटर पाठवते. ते वडिलांच्या हातात दे. त्यांना मोजायला आवडतं, कबूल करत नाहीत. नमदा किती जाड आहे आणि चूल विझल्यावर किती वेळात पाणी गोठतं, ते बघायला सांग. अपाला मी वेगळं लिहिते आहे. त्यात तुझं नाव नाही, बसच्या ड्रायव्हरने सांगितलं असं लिहिलंय.

माया आहे, ती मोजू नकोस. बाकी सगळं मोज.

तुझी,
बुरुल


वरचं गाव
२५ जानेवारी

चि. बुरुल हिस,
अपाचे अ. आ.

पत्र पोचलं. ड्रायव्हरने सांगितलं म्हणतेस. त्या माणसाला स्वतःच्या मुलांची नावं क्रमाने सांगता येत नाहीत, त्याला माझ्या नातवाच्या पायांची काय खबर. माझ्या पेटीतले दोन कागद आणि एक पाकीट कमी झालंय. कुणी नेलं ते मी विचारलं नाही. सुनेचे कान लाल झाले तेवढं पाहिलं.

तू पोट आणि कातडी लिहिलंस ते वाचलं. उंटावरून शेळ्या हाकू नकोस. तू स्वतः याच टोपीत वाढलीस. अठ्ठावन्नचा डिसेंबर, बेचाळीस टोकं. वीज नव्हती, सुईण नव्हती, तुझी आजी होती आणि टोपी होती. त्या टोपीतून निघालेली पोर आता मला टोपीचं शिकवते. मी तुझ्यापेक्षा पुष्कळ हिवाळे जास्त पाहिलेत.

सून गुणाची आहे. बोलत नाही, काम करते, रडते ती पाठ फिरवून. पण सारखा हात आत घालून टोपी गार करते. मी तिला सांगितलंय, पाजायला काढ आणि पाजून झालं की लगेच परत ठेव. मोजणी मोडायची नाही. एकदा मोडली की पोर जन्मभर अपुरं राहतं. हे मला कसं माहीत ते विचारू नकोस.

तुझे वडील म्हणतात, नमदाही त्यांनी निम्म्या जाडीचा केला. जाड नमद्यात ते घर गोधडी पांघरलेल्या कोंबडीसारखं दिसलं असतं आणि प्रदर्शनातली माणसं हसली असती, असं त्यांचं म्हणणं. तुझी काचेची कांडी आल्यापासून म्हातारा नातवापेक्षा तिच्याकडे जास्त बघतो. परवा जेवताना उठून गेला. केस्मेच्या शेवया वाडग्यात थिजून गेल्या.

तू काय खातेस? शहरातही वीज जाते म्हणतात. मागच्या वेळी आलीस तेव्हा तुझी हाडं मोजता येत होती. डबा पाठवते, त्यात वाळवलेलं मांस आहे, ते वाटून टाकू नकोस.

रागावले आहे, तरी माया आटलेली नाही. पत्र लिही.

अपा


वरचं गाव
२८ जानेवारी

चि. बुरुल,
आ.

तुझी आई लिहिते तेवढं मला जमत नाही. थर्मामीटर मिळालं. मोजलं.

गोवऱ्यांची चूल विझल्यापासून छोट्या घरात अठरावरून शून्यावर यायला पन्नास मिनिटं लागली. त्या वेळी मूल सुनेपाशी विटांच्या घरात होतं. मोठ्या घरात हेच व्हायला साडेतीन तास लागायचे, असं माझ्या आठवणीने सांगतो. तेव्हा कांडी नव्हती, कोकरांच्या ओरडण्यावरून कळायचं.

माझी चूक मी बसून शोधली. काड्या निम्म्या केल्या तेव्हा घर उलट जास्त घट्ट झालं. मोठ्या घराच्या काड्या स्वतःच्या वजनाने वाकतात, या वाकत नाहीत. छताचं कडं तर बोटांवर उचललं. चाळीस वर्षांत एवढं ताठ घर माझ्या हातून झालं नव्हतं. म्हणून मला वाटलं, लहान केलं की सगळ्याच बाबतीत बरं होत असेल. घर निम्मं केलं म्हणून नमदा निम्मा केला. थंडी मात्र आहे तेवढीच होती.

माळ्यावरून मोठ्या घराचा नमदा काढला आणि दुहेरी करून याच्यावर टाकला. कडा जमिनीवर लोळतात. बापाचा कोट घातलेल्या पोरासारखं दिसतं. प्रदर्शनवाल्यांना आता काय द्यायचं ते बघू, बर्फ वितळेपर्यंत ते येत नाहीत. चूल विझून तीन तास झाले तरी आता आत चार अंश असतात.

घर ऊब धरू लागलं. पोर धरत नाही. आज पंधराशे ऐंशी.

तुला काही सुचत असेल तर आईला लिहू नकोस, तिचं या बाबतीत काहीतरी वेगळं आहे. मला तिने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तब्येत सांभाळ, म्हणजे आमचीही सांभाळली जाईल.

वडील


वरचं गाव
१ फेब्रुवारी

ती. एजे यांस,
सा. न. वि. वि.

दुहेरी नमद्याने घर उबदार झालं. पाण्यावर आता सकाळी बर्फ नसतं. मला वाटलं होतं आता पाय गरम लागतील. नाही लागत. आज पंधराशे पन्नास.

अपा टोपीत आणखी लोकर भरतात. त्या म्हणतात लोकर गरम असते. मी हात घातला, लोकर त्याच्याएवढीच थंड होती.

अपांना माझा राग नाही. काल माझ्या पायांना त्यांनी स्वतः गरम मीठ बांधलं, बाळंतिणीचे पाय सांभाळायला हवेत म्हणाल्या, आणि बसल्या बसल्या मला चिडवलं की या घराण्यातले पुरुष एकतर वेळेच्या आधी येतात नाहीतर जेवण संपल्यावर. मग हसू अर्धवट सोडून टोपीला कान लावून बसल्या. त्याही घाबरल्यात. म्हणूनच त्यांच्यापुढे माझ्याच्याने बोलवत नाही.

तो आधी रडायचा. आता रडत नाही. येणाऱ्या बायका म्हणतात, किती शांत आहे. मला ते बरं वाटत नाही, एजे.

उत्तर लवकर द्या. एवढाच लोभ.

बेगाइम


बिश्केक
२ फेब्रुवारी

चि. बेगाइम,
अ. आ.

ड्रायव्हर दारात उभा आहे, तासाभरात निघतो. म्हणून थोडक्यात.

लोकर ऊब देत नाही, असलेली राखते. तुझ्या-माझ्यासारख्या मोठ्या माणसाला लोकर पुरते, कारण आपलं अंग आतून भरपूर ऊब करतं. तो हातातल्या टॉर्चच्या दोन-तीन दिव्यांएवढी करतो आणि त्याहून जास्त गमावतो. लोकर कितीही भरली तरी ही तूट भरत नाही. जी ऊब तो करू शकत नाही ती दुसऱ्या कुणी करायला हवी.

त्याला टोपीतून काढ. उघडा कर, डोकं मात्र झाक. तुझ्या सदऱ्याच्या आत, छातीवर, कातडीला कातडी लागेल असा ठेव. वरून शाल घट्ट बांध, त्यावर कोट. तोंड आणि नाक मोकळं राहील असं बघ, मान दुमडू देऊ नकोस. आणि तसाच राहू दे. पाजण्यापुरता नाही, दिवसभर. झोपशील तेव्हा उशीला टेकून अर्धवट बसून झोप. बेगाइम, तो एकटा आहे तोवर लहान आहे. तुला चिकटला की तुमच्या दोघांचं मिळून एक अंग होतं, आणि ते अंग मोठं असतं. गणितात दुसरा मार्ग नाही, मी शोधला.

अपाला सांग की मी सांगितलं. सगळा दोष माझ्यावर टाक. मी दूर आहे, माझ्यावर टाकलेलं कुणाला लागत नाही.

उत्तराची वाट बघते. झोप येत नाही.

बुरुल


वरचं गाव
७ फेब्रुवारी

ती. एजे यांस,
सा. न. वि. वि.

तीन तारखेपासून तो माझ्या सदऱ्यात आहे. पहिल्या दिवशी छातीवर बेडूक ठेवल्यासारखं वाटलं. दुपारनंतर मला कळेना की त्याचे पाय कुठे संपतात, कारण थंड काही लागतच नव्हतं. संध्याकाळी तो रडला. मीही रडले. तुमचे वडील नमदा झटकत होते, त्यांनी आत डोकावलं नाही, नुसते खोकले आणि आणखी गोवऱ्या दारात ठेवून गेले.

अपांना मी सांगितलं नाही. धीर झाला नाही. तुम्ही दोष तुमच्यावर टाकायला सांगितलात, पण त्यांच्या तोंडासमोर उभं राहून तो टाकायचा मलाच ना. चूल विझू नये म्हणून मी छोट्या घरातच राहते, एवढं सांगितलंय. टोपी जाळीवर आहे. तिच्यात मी कुर्ताची, सुकवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, पिशवी ठेवली, म्हणजे वजन येतं. अपा रोज सकाळी येतात, टोपी पुढच्या टोकावर नेतात. नेताना आत बघायचं नाही ही रीत, म्हणून निभावतं. मी मोठा कोट घालून चुलीकडे तोंड करून बसते. परवा त्या म्हणाल्या, बाळंतपणानंतर बायका बारीक होतात, तू फुगत चाललीस. मी म्हटलं, तुमच्या हातचं खाऊन.

आज सोळाशे. वजन करायला तुमच्या वडिलांचा लोकरीचा तराजू लागतो, ते आणून देतात आणि पाठ करून उभे राहतात. आकडा मात्र विचारतात.

मोजणी मोडली म्हणून त्याला काही होईल का, एजे? तुमच्या पुस्तकात त्याबद्दल काही आहे का?

तुमच्या पत्रांमुळे मी एकटी नाही. एवढं असू द्या.

बेगाइम


बिश्केक
९ फेब्रुवारी

ती. अपास,
शि. सा. न.

मांस मिळालं. निम्मं वाटलं. आता ओरड.

हे पत्र वाद घालण्यासाठी नाही. तुझं एक वाक्य मला सोडत नाही: तू स्वतः याच टोपीत वाढलीस. मी ते खोडायला बसले नाही, समजून घ्यायला बसले. अठ्ठावन्नच्या डिसेंबरातली थंडी आमच्याकडच्या नोंदींत सापडली. मोठं घर, त्याचा नमदा, त्याचा घेर मला पाठ आहे. तू म्हणायचीस मी हातभर होते आणि पिठाच्या पिशवीएवढी हलकी, म्हणजे सोळाशे धरले. टोपी तीच. मग मी स्वतःचाच हिशेब केला. त्या टोपीत, त्या घरात, त्या थंडीत मी किती दिवस काढीन.

तीनदा केला. दर वेळी मी चौथ्या-पाचव्या दिवशी मरते.

हसू नकोस. मी इथे स्वयंपाकघरात बसून हा कागद बघते आहे आणि चहा पिते आहे, तेव्हा हिशेबात काहीतरी राहून गेलं आहे. आमच्या कामात असं झालं की आम्ही चिडत नाही, जे राहिलं ते शोधतो. घरात माणसं किती होती? कोकरं आत बांधायचात का? टोपी चुलीच्या बाजूला होती की दाराच्या? आजी काही करायची का, गरम दगड वगैरे? तू तिथे होतीस. मीही होते, पण मला विचारून उपयोग नाही.

तुला जे आठवेल ते लिही. घाई नाही. बाळाला माझा पापा. वडिलांचं ते ताठ घर एकदा मला बघायचं आहे, कोटासकट.

ओरडलीस तरी चालेल, पण लिहिणं थांबवू नकोस.

तुझी,
बुरुल


वरचं गाव
१२ फेब्रुवारी

चि. बुरुल हिस,
अपाचे अनेक आ.

तुझा हिशेब बरोबर आहे. त्यात मी राहिले.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या वडिलांनाही नाही. चौथ्या दिवशी तू रडायची थांबलीस. तुझी आजी म्हणाली, बघ, टोपीने शांत केलं. ती करारी बाई होती, तिच्यापुढे माझा आवाज निघत नसे. ती पाणी आणायला ओढ्यावर गेली तेव्हा मी तुला टोपीतून काढलं आणि सदऱ्यात घातलं. का, ते मला माहीत नव्हतं. गणित नव्हतं तेव्हा. पाय थंड होते, एवढंच. टोपीत मी सातूच्या पिठाची पिशवी ठेवली. तू टोपीत बेचाळीस दिवस नव्हतीस, चार होतीस. बाकीचे अडतीस दिवस जाळीवर सातू टांगलेला होता.

तू जगलीस. पण मोजणी मी मोडली होती. तू बारीक राहिलीस. शाळेत सगळ्यांत बुटकी. मग शहरात गेलीस ती गेलीसच. लग्न नाही. येतेस ती पाहुण्यासारखी, चार दिवस, आणि खिडकीतून रस्ता बघतेस. दर वेळी तू गेल्यावर भांडी घासताना मी मनात म्हणायची, पोर अपुरी राहिली, घरात मुरली नाही, आणि ते माझ्यामुळे. छत्तीस वर्षं हेच धरून होते. म्हणून बेगाइमला म्हटलं, तू मोडू नकोस. तिने माझ्यासारखं आयुष्यभर भांडी घासताना तेच म्हणू नये म्हणून.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग तुझ्या वडिलांना मोठ्याने वाचायला लावलं, माझी नजर चुकत असेल म्हणून. चौथ्या-पाचव्या दिवशी, असंच त्यांनीही वाचलं. मी उठून बाहेर गेले. त्यांनी विचारलं नाही. त्यांचं ते बरं आहे.

आता सुनेचं. टोपीत कुर्त आहे हे मला पहिल्याच सकाळी कळलं. पोर हलवलं की पोर हलतं, कुर्त खडखडतो. शिवाय कुर्ताला वास असतो हे माझ्या हाताखाली कुर्त वळणाऱ्या मुलीला माहीत असायला हवं. मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्या कोटातून शिंक आली. तिला वाटलं मी ऐकली नाही. मी टोपी पुढच्या टोकावर नेली आणि बाहेर आले. त्यानंतर रोज सकाळी मी एक कुर्ताची पिशवी एका टोकावरून दुसऱ्या टोकावर नेते आहे, आणि का ते स्वतःला विचारत नव्हते. आता तू लिहिलंस.

आणखी एक गोष्ट आज गाईची धार काढताना सुचली. तुझी आजी रोज सकाळी टोपी स्वतःच्या हाताने हलवायची. सातूची पिशवी तुझ्या निम्म्या वजनाचीही नव्हती. अकरा मुलं हाताखालून काढलेल्या बाईला ते कळलं नसेल का? ती अडतीस सकाळी एक शब्द बोलली नाही. एकदा मात्र माझ्या खांद्यावर तिची शाल टाकून गेली. मी समजत होते की शाल जुनी झाली म्हणून दिली.

बेगाइमला यातलं काही लिहू नकोस. चोरून धरलं म्हणजे घट्ट धरलं जातं. परवानगी मिळाली की माणूस मध्ये खाली ठेवतं, पाठ दुखते म्हणून, कणीक मळायची म्हणून. एकोणपन्नास टोकं होऊ दे, मग बोलू. आज सतराशे भरला. जन्मला तेवढा झाला.

तू अपुरी नाहीस. हे मला लिहिता येत नव्हतं, लिहिलं. येशील तेव्हा रस्ता हवा तेवढा बघ.

तुझ्यावर जीव आहे, तो पहिल्यापासून होता तेवढाच आहे.

तुझी,
अपा

ता. क. १३ फेब्रुवारी. पाकीट बंद करायच्या आत सकाळ झाली. बाहेर बर्फ पडतंय. मी छोट्या घरात गेले आणि टोपी बत्तिसाव्या टोकावर अडकवली. बेगाइम गोवऱ्या घालायला उठत होती. मी म्हटलं, तू बस, चूल आजपासून मी बघते. ती बसली.